कर्बवायूचा अवकाशातून हिशेब

हवाई बेटांवरील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाचे उपकरण मार्च १९५८ मध्ये सुरू झाले. हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१३ रेणू, अशी त्याची पहिली नोंद होती. मे २०२५ मध्ये त्याच ठिकाणच्या मासिक सरासरीने ४३० चा आकडा ओलांडला. औद्योगिक क्रांतीपूर्वी हे प्रमाण २८० च्या आसपास होते. अंटार्क्टिकाच्या हिमथरांत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांची साक्ष काढली, तर त्याआधीच्या आठ लाख वर्षांत ते ३०० च्या पुढे गेले नव्हते, असे दिसते.

मराठी पाठ्यपुस्तकांत एकेकाळी कर्बद्विप्राणील वायू या भारदस्त नावाने वावरणारा आणि वृत्तपत्रांत कर्बवायू म्हणून रुळलेला हा वायू हवेत किती आहे, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. तो येतो कोठून आणि जातो कोठे, हा प्रश्न मात्र अजूनही पुरता सुटलेला नाही. कोळसा, तेल, नैसर्गिक वायू आणि सिमेंट यांच्यापासून जगभरात वर्षाला ३,७०० कोटी टनांहून अधिक कर्बवायू बाहेर पडतो. जंगलतोडीतून पडणारी भर वेगळी. हा सारा वायू हवेतच साठला असता तर त्याचे प्रमाण दरवर्षी दशलक्षांशी पाचांहून अधिक भागांनी वाढले असते. प्रत्यक्षात गेल्या दशकातील सरासरी वाढ त्याच्या जेमतेम निम्मी आहे. उरलेला निम्मा वायू समुद्र आणि भूभागावरील वनस्पती व माती मिळून शोषून घेतात. निसर्ग माणसाला देत असलेली ही मोठी सवलत. ती कोणत्या वनांतून मिळते, कोणत्या वर्षी आटते आणि पुढे किती काळ मिळत राहील, हे पर्वतमाथ्यावरील एका उपकरणाला सांगता येत नाही. त्यासाठीच गेल्या पंचवीसएक वर्षांत उपग्रहांचा आधार घेण्यात आला.

पृथ्वीचा श्वासोच्छ्वास

कीलिंग यांच्या आलेखात सतत चढत जाणाऱ्या रेषेबरोबरच दरवर्षी एक लाट उठते आणि बसते. मौना लोआ येथे हे प्रमाण मे महिन्यात शिगेला पोहोचते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाला जाते. दोहोंतील फरक सहा-सात भागांचा असतो. उत्तर गोलार्धात भूभाग अधिक, म्हणून वनस्पतीही अधिक. तेथील वसंत-ग्रीष्मात पालवी फुटली की प्रकाशसंश्लेषणाने वायू खेचला जातो, पानगळीनंतर पालापाचोळा कुजू लागला की तो परत हवेत येतो. दक्षिण ध्रुवावर हीच लाट दशलक्षांशी एखाद्या भागाइतकी क्षीण होते.

ऋतूंच्या या लाटेवर आणखी एक चढउतार स्वार झालेला असतो. माणसाने जाळलेल्या इंधनाचा आकडा एका वर्षातून दुसऱ्या वर्षात फार बदलत नाही. हवेतील वायूची वार्षिक वाढ मात्र कधी दीड भाग, तर कधी तीनहून अधिक भाग असते. २०२० साली टाळेबंदीमुळे जगाचे उत्सर्जन सुमारे पाच टक्क्यांनी घटले, तरी हवेतील प्रमाण वाढतच राहिले, कारण नळ किंचित आवळला म्हणून हौद रिकामा होत नाही. याउलट २०२३ ते २०२४ या काळात उत्सर्जनात फारशी उसळी नसतानाही जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार वाढ ३.५ भागांची झाली. १९५७ मध्ये आधुनिक मोजमाप सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वार्षिक वाढ. वणवे आणि जमीन व समुद्र यांची त्या वर्षी मंदावलेली शोषणक्षमता यांकडे संघटनेने बोट दाखवले. एक भाग म्हणजे सुमारे ७८० कोटी टन कर्बवायू, हे ध्यानात घेतले म्हणजे या अर्ध्या-एका भागाच्या फरकाचे मोल कळते.

जमिनीवरील वेधशाळा हे प्रमाण अतिशय अचूक मोजतात, पण त्या मोजक्या आहेत. युरोप आणि उत्तर अमेरिकेत त्यांचे जाळे दाट आहे. अॅमेझॉन, काँगोचे खोरे, सैबेरिया आणि दक्षिण आशिया येथे विरळ. म्हणजे जेथे वनस्पतींची देवघेव सर्वाधिक, नेमक्या तेथेच कान देऊन ऐकणारे कोणी नाही, अशी ही स्थिती आहे.

प्रकाशातील काळ्या रेषा

उपग्रह वायूचा नमुना घेत नाही, तो प्रकाश वाचतो. सूर्यप्रकाश वातावरणातून खाली येतो, जमिनीवर किंवा पाण्यावर आपटून पुन्हा वर जातो. या प्रवासात कर्बवायूचे रेणू अवरक्त प्रकाशातील ठराविक तरंगलांबीचे किरण गिळतात. परतलेला प्रकाश वर्णपटमापकाने उलगडला की त्या तरंगलांबींच्या जागी काळ्या रेषा दिसतात. रेषा जितकी गडद, तितके वाटेत भेटलेले रेणू अधिक. कर्बवायूसाठी १.६१ आणि २.०६ मायक्रॉन हे दोन पट्टे वापरले जातात.

केवळ रेणू मोजून भागत नाही. डोंगरावर हवेचा स्तंभ आखूड असतो, समुद्रावर लांब. हवेचा दाबही रोज बदलतो. म्हणून त्याच किरणातील प्राणवायूची रेषा, ०.७६ मायक्रॉनजवळची, सोबत मोजतात. कोरड्या हवेत प्राणवायूचे प्रमाण २०.९५ टक्के असते आणि ते जवळजवळ बदलत नाही. त्याच्याशी गुणोत्तर काढले की जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभातील कर्बवायूचे सरासरी प्रमाण हाती येते. जमिनीवरील उपकरण नाकाजवळची हवा मोजते, उपग्रह डोक्यावरचे सारे आकाश. या दोन आकड्यांची गल्लत अनेकदा होते. शहरातील रस्त्यावर हे प्रमाण सभोवतालपेक्षा कितीतरी अधिक असू शकते, पण ती वाढ संपूर्ण स्तंभात विरघळल्यावर उरते दोन-चार भागांची.

अडचण येथेच आहे. चारशेहून अधिक भागांत एका भागाचा फरक ओळखायचा, म्हणजे पाव टक्क्याहूनही सूक्ष्म अचूकता हवी. हवेतील धूलिकण आणि पातळ ढग किरणाला मध्येच वळवतात. त्याची वाट लांबते किंवा आखूड होते आणि गणित चुकते. ढगाळ आकाशातील नोंदी टाकूनच द्याव्या लागतात. रात्री आणि ध्रुवीय हिवाळ्यात प्रकाशच नसतो. समुद्र अवरक्त प्रकाशात काळा दिसतो, म्हणून तेथे उपग्रह आपली दृष्टी पाण्यावर चकाकणाऱ्या सूर्याच्या प्रतिबिंबाकडे वळवतो. एवढे करून आलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवण्यासाठी जमिनीवर सूर्याकडे तोंड करून बसवलेल्या वर्णपटमापकांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पार्क फॉल्स येथे २००४ मध्ये त्याचे पहिले केंद्र सुरू झाले. उपग्रहांची परीक्षा या केंद्रांच्या नोंदींशी ताडून घेतली जाते.

समुद्रात बुडालेला उपग्रह

युरोपीय अवकाश संस्थेच्या एन्व्हिसॅट उपग्रहावरील स्कियामाकी या उपकरणाने २००२ पासून या पद्धतीची वाट मळून दिली. त्याचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ३० बाय ६० किलोमीटरचा होता; एवढ्या मोठ्या चौकटीत ढग नसणे दुर्मीळच. एप्रिल २०१२ मध्ये एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला. त्याच सुमारास, म्हणजे मे २००२ मध्ये, नासाच्या अॅक्वा उपग्रहावरून गेलेले एअर्स हे उपकरण पृथ्वीच्या उष्णतेचे उत्सर्जन वाचून वातावरणाच्या मधल्या थरांतील कर्बवायू मोजू लागले. पण जमिनीलगतची देवघेव त्याला नीट दिसत नव्हती.

केवळ हरितगृह वायूंसाठी वाहिलेला पहिला उपग्रह जपानने २३ जानेवारी २००९ रोजी सोडला. इबुकी, म्हणजे श्वास, हे त्याचे नाव. तानेगाशिमा येथून गेलेल्या या उपग्रहाचा ठिपका सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा होता.

सुमारे एक महिन्याने, २४ फेब्रुवारी २००९ रोजी, नासाची ऑर्बिटिंग कार्बन ऑब्झर्व्हेटरी कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग तळावरून झेपावली. या नावाची आद्याक्षरे ओसीओ. कर्बवायूच्या रेणूतही दोन ऑक्सिजनच्या मध्ये एक कार्बन असाच बसलेला असतो. नाव ठेवणाऱ्याची कल्पकता दाद देण्याजोगी, पण उपग्रहाचे दैव तसे नव्हते. टॉरस एक्सएल प्रक्षेपकाच्या टोकावरील संरक्षक आवरण वेळेवर सुटले नाही. त्या अधिकच्या वजनामुळे कक्षेत जाण्याइतका वेग मिळाला नाही आणि काही वर्षांचे श्रम काही मिनिटांत अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात गेले. दोन वर्षांनी, मार्च २०११ मध्ये, त्याच जातीच्या प्रक्षेपकाने ग्लोरी हा दुसरा उपग्रहही अगदी त्याच कारणाने बुडवला. दोन्ही मिळून ७० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. २०१९ मध्ये नासाने जाहीर केलेल्या चौकशीच्या निष्कर्षांनुसार आवरणाच्या सांध्यासाठी वापरलेल्या अॅल्युमिनियमच्या भागांचे गुणवत्ता दाखले पुरवठादाराने खोटे तयार केले होते. पृथ्वीच्या हवेचा खरा हिशेब मांडायला निघालेला उपग्रह खोट्या कागदांपायी गेला.

या अपघातानंतर घडले ते विज्ञानाच्या इतिहासात नोंद करावी असे होते. इबुकीच्या जपानी चमूने उपग्रह गमावलेल्या अमेरिकी संशोधकांना आपल्या आकडेवारीवर काम करण्यासाठी बोलावले. डेव्हिड क्रिस्प यांच्या नेतृत्वाखालील या गटाने आपल्या उपकरणासाठी रचलेले गणित इबुकीच्या नोंदींवर घासूनपुसून घेतले. त्यामुळे २ जुलै २०१४ रोजी ओसीओ-२ हा जुळा उपग्रह डेल्टा-२ प्रक्षेपकाने कक्षेत गेला, तेव्हा त्याचे वर्णपट वाचण्याची विद्या आधीच पक्की झालेली होती.

ओसीओ-२ पृथ्वीपासून ७०५ किलोमीटरवरून, सुमारे ९९ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो आणि स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतो. त्याचा एक ठिपका तीन चौरस किलोमीटरहूनही लहान. असे आठ ठिपके शेजारी शेजारी, सेकंदाला तीन वेळा. दिवसाला जवळजवळ दहा लाख नोंदी. ढग आणि धूळ यांची चाळणी लावल्यावर त्यांतील दहा टक्क्यांच्या आसपास कामाच्या उरतात.

एवढ्या नोंदी म्हणजे जगाचा अखंड नकाशा, असा समज होण्याचा संभव आहे. तसे नाही. उपग्रहाचा पट्टा जेमतेम दहा किलोमीटर रुंद आहे आणि सोळा दिवसांत पूर्ण होणाऱ्या २३३ फेऱ्यांनंतरही विषुववृत्तावर दोन पट्ट्यांमध्ये सुमारे १७० किलोमीटरचे अंतर राहते. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे त्या फटीत सहज मावतील. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी ओसीओ-३ हे उपकरण मे २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसवण्यात आले. त्याच्या हलत्या आरशामुळे एखाद्या महानगरावरून जाताना सुमारे ८० किलोमीटर लांबी-रुंदीचा प्रदेश काही मिनिटांत विंचरून काढता येतो. स्थानकाची कक्षा दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी त्याच गावावरून नेते, म्हणून सकाळ-संध्याकाळचा फरकही टिपता येतो. चीनचा टॅनसॅट डिसेंबर २०१६ मध्ये, तर जपानचा इबुकी-२ ऑक्टोबर २०१८ मध्ये गेला. एप्रिल २०२२ मध्ये चीनने सोडलेल्या दाची-१ उपग्रहाने वेगळा मार्ग धरला. तो सूर्याची वाट न पाहता स्वतःचा लेसर किरण खाली सोडतो, त्यामुळे रात्रही त्याला आडवी येत नाही.

वनांचे आजारपण

उपग्रहांनी दिलेले सर्वांत बोलके उत्तर २०१५-१६ च्या प्रबळ एल निनोच्या काळातील आहे. प्रशांत महासागराचे पाणी तापले की हवेतील कर्बवायू झपाट्याने वाढतो, हे कीलिंग यांच्या आलेखावरून पूर्वीच माहीत होते. कारण मात्र तर्काने सांगितले जात होते. ओसीओ-२ सुदैवाने नेमका त्याच वेळी आकाशात होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी चित्र स्पष्ट केले. २०११ च्या तुलनेत २०१५ मध्ये उष्ण कटिबंधातील भूभागाने सुमारे २५० कोटी टन अधिक कार्बन हवेत सोडला; कर्बवायूच्या रूपात मोजला तर ९०० कोटी टनांहून अधिक. तुलनेचे २०११ चे आकडे इबुकीचे होते.

याहून महत्त्वाचे होते ते तिन्ही खंडांचे वेगळे वागणे. दक्षिण अमेरिकेत अवर्षणाने झाडे सुकली आणि प्रकाशसंश्लेषण मंदावले. आफ्रिकेत पाऊस नेहमीसारखा, पण उष्णता अधिक. त्यामुळे कुजण्याची क्रिया वेगावली. आग्नेय आशियात, विशेषतः इंडोनेशियात, पीटच्या दलदलीची जमीन पेटली. एकाच समुद्राच्या तापाने तीन खंडांत तीन निरनिराळी दुखणी. हवामानाची प्रारूपे या तिन्ही प्रदेशांना एकाच मापाने मोजत असतील तर त्यांचे भाकीत चुकणार, हे ओघाने आलेच.

समुद्राची गोष्ट उलट निघाली. एल निनोच्या आरंभी, २०१५ च्या पूर्वार्धात, प्रशांत महासागरावरील कर्बवायू किंचित घटला. तळाकडील कर्बवायूयुक्त थंड पाणी वर येणे मंदावल्याने समुद्राचे उच्छ्वास कमी झाले होते. नंतर भूभागावरून आलेल्या वायूने ही घट झाकून टाकली. हा क्रम उपग्रहाच्या डोळ्यांविना दिसणे कठीण होते.

झाडांबद्दलची एक माहिती तर मागता न मिळालेली. प्रकाशसंश्लेषण चालू असताना हरितद्रव्यातून अत्यंत मंद अशी प्रदीप्ती बाहेर पडते. प्राणवायूची रेषा बारकाईने वाचताना ही प्रदीप्ती तिच्यात मिसळलेली असल्याचे इबुकीच्या आकडेवारीत आढळले. मोजमापातील अडथळा म्हणून जिच्याकडे पाहिले गेले, ती आता पिके आणि वने किती जोमाने काम करत आहेत याची खूण म्हणून वापरली जाते. हिरवे दिसणारे रान प्रत्यक्षात उपाशी आहे काय, हे तिच्यावरून उमगते.

२०२३ मध्येही भूभागाची शोषणक्षमता तीव्रतेने घसरल्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतही ओसीओ-२ च्या नोंदींचा आधार होता. ही घसरण एल निनोपुरती की कायमची, यावर पुढील अनेक दशकांचे गणित अवलंबून आहे. वने थकली, तर आज ठरवलेली उत्सर्जनाची मर्यादा उद्या अपुरी पडेल.

भारताच्या आकाशातील चार महिने

भारतापुरते पाहायचे तर उपग्रहांना एक मोठा अडसर आहे, तो मान्सूनचा. जून ते सप्टेंबर हे चार महिने देशाच्या बहुतांश भागावर ढग असतात आणि कामाच्या नोंदी जवळजवळ मिळतच नाहीत. खरिपाची पिके आणि सह्याद्रीपासून ईशान्येपर्यंतची वने याच काळात कर्बवायू सर्वाधिक खेचतात. म्हणजे वर्षभराच्या वहीतील सर्वांत मोठी जमेची बाजू कोरी राहते. मार्च ते मे या काळात आकाश निरभ्र, पण उत्तरेकडील मैदानांवर धुळीचे पडदे. भारतीय उपखंड वर्षाला एकूण किती वायू शोषतो, याच्या निरनिराळ्या अंदाजांत मोठी तफावत पडते त्यामागे हे एक कारण आहे.

ही फट जमिनीवरील केंद्रे काही प्रमाणात बुजवतात, आणि त्यांत महाराष्ट्र व गोवा यांचा वाटा आहे. गोव्यातील काबो द राम या समुद्रकड्यावर १९९३ पासून हवेचे नमुने काचेच्या बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेकडे तपासणीसाठी पाठवले जात. अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा या कामात सहभागी होती. २००२ मध्ये ही मालिका खंडित झाली आणि २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांची हवा आता कोणालाही परत मिळणार नाही. या जागेचे वैशिष्ट्य असे की, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून अरबी समुद्रावरील स्वच्छ हवा येते, तर हिवाळ्यात ईशान्येकडून देशाच्या अंतर्भागातील धुरकट हवा. एकाच कड्यावर उभे राहून समुद्र आणि देश दोन्ही हुंगता येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ मध्येच सिंहगडावर असे नमुने घेण्यास आरंभ केला. सभोवतालच्या घाटमाथ्यावरील वनस्पतींचा प्रभाव येथील नोंदींवर ठळक दिसतो. रविवारी पिठले-भाकरीसाठी गडावर जाणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, हा प्रश्न वेगळा. पावसाळ्यातील सिंहगडाचा आकडा हा उपग्रहाला न दिसलेल्या पानाचा एक तुकडा आहे. मात्र एवढ्या विस्तीर्ण देशासाठी अशी केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

तिसरा मार्ग प्रवासी विमानांचा. जपान एअरलाइन्सच्या विमानांवर बसवलेली उपकरणे दिल्लीला उतरताना आणि उडताना वेगवेगळ्या उंचीवरील हवा मोजतात. त्यांच्या नोंदींतून २०१६ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. जानेवारी ते मार्च या काळात, उत्तर गोलार्धातील बाकीचा प्रदेश वायू सोडत असताना, दिल्लीच्या आसपास जमिनीलगत त्याचे प्रमाण घटते. हा गव्हासारख्या रब्बी पिकांचा प्रताप. सिंचनाखालील शेतीने निसर्गाच्या लयीत आपला एक ताल मिसळल्याचे यावरून दिसले.

देशांची वही आणि आकाशाची वही

पॅरिस येथे २०१५ मध्ये झालेल्या करारानुसार प्रत्येक देश आपले उत्सर्जन स्वतः मोजतो आणि स्वतःच कळवतो. किती कोळसा जळाला, त्यात कार्बन किती, याचा गुणाकार करून हा आकडा काढला जातो. इंधनाची खरेदी-विक्री कागदावर असल्याने ही पद्धत बऱ्यापैकी विश्वासार्ह आहे. परंतु शेती, जंगलतोड, वणवे यांच्याबाबत ती डळमळते. परीक्षार्थीनेच आपली उत्तरपत्रिका तपासावी, अशी टीका त्यावर होते ती म्हणूनच. उपग्रह याच्या उलट दिशेने जातो. हवेतील वायू मोजायचा, वाऱ्याचा वेग व दिशा प्रारूपात घालायची आणि तो कोठून आला असावा, हे मागे मागे जात शोधायचे.

ही पद्धत एकेका धुराड्यापर्यंत पोहोचू शकते, हे २०१७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले. ओसीओ-२ च्या वाटेत वाऱ्याच्या दिशेने नेमके आलेले काही औष्णिक वीज प्रकल्प त्यांनी निवडले. अमेरिकेतील प्रकल्पांचे रोजचे उत्सर्जन जाहीर असते. उपग्रहावरून काढलेले आकडे त्यांच्याशी १ ते १७ टक्क्यांच्या फरकाने जुळले. मग हीच कसोटी दक्षिण आफ्रिकेतील मातिंबा आणि मध्य प्रदेशातील सिंगरौली भागातील सासन या प्रकल्पांना लावण्यात आली. सासनची क्षमता ३,९६० मेगावॅट, देशातील अतिविशाल प्रकल्पांपैकी एक. पोलंडमधील बेल्हातुफ या युरोपातील सर्वांत मोठ्या कोळसा प्रकल्पाचे उत्सर्जन वीजनिर्मितीबरोबर कसे खाली-वर झाले, हेही २०२२ मध्ये याच मार्गाने मोजले गेले. लॉस एंजेलिस शहरावरील चार ते सहा भागांचा फुगवटा आणि वानुआतूतील यासुर ज्वालामुखीची वाफ ओसीओ-२ ने त्यापूर्वीच टिपली होती. २०२३ मध्ये शंभराहून अधिक देशांचा २०१५ ते २०२० या काळातील कर्बवायूचा जमाखर्च उपग्रहाच्या आधारे मांडण्यात आला.

याचा अर्थ उपग्रह उद्या देशोदेशींच्या आकड्यांचे लेखापरीक्षण करू लागेल, असा काढणे घाईचे होईल. वाऱ्याची दिशा थोडी चुकली तरी प्रकल्पाचे उत्सर्जन मोठ्या फरकाने चुकते. शिवाय उपग्रहाला दिसणारा रेणू कोळशातून आला की कुजलेल्या पानातून, हे रेणूवर लिहिलेले नसते. बाटलीतील हवेच्या किरणोत्सारी कार्बनवरून ते कळू शकते, कारण कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात तो उरलेलाच नसतो. अवकाशातून ही तपासणी शक्य नाही. त्यावर युरोपने योजलेला उपाय असा की, ज्वलनात कर्बवायूसोबत निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड त्याच उपग्रहाने मोजावा. हा वायू काही तासांतच विरतो, म्हणून ताज्या धुराचा माग त्यावरून काढता येतो. युरोपच्या सीओटूएम या नियोजित उपग्रहमालेत ही सोय असून तिचा पट्टा अडीचशे किलोमीटर रुंद राहणार आहे. जपानने २९ जून २०२५ रोजी सोडलेल्या गोसॅट-जीडब्ल्यू या उपग्रहातही दोन्ही वायू मोजले जातात. फ्रान्स आणि ब्रिटन यांचा मायक्रोकार्ब हा छोटा उपग्रह जुलै २०२५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून गेला. जगात तिसऱ्या क्रमांकाचे उत्सर्जन करणाऱ्या भारताने मात्र केवळ कर्बवायूसाठी असा स्वतंत्र उपग्रह सोडलेला नाही. मंगळापर्यंत यान नेणाऱ्या देशाला ते अवघड नसावे. आपल्या शेतांनी आणि वनांनी शोषलेल्या वायूचे श्रेय आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत मागायचे, तर ते दुसऱ्याच्या वहीतून काढून दाखवण्यापेक्षा स्वतःच्या वहीतून दाखवणे केव्हाही भक्कम.

मोजमाप चालू ठेवणे हे मोजमाप सुरू करण्याहून कठीण असते. कीलिंग यांच्या नोंदींत १९६४ मध्ये काही महिन्यांची पोकळी आहे. निधी आटल्याने ती पडली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मौना लोआचा उद्रेक होऊन लाव्हाने वेधशाळेचा रस्ता व वीज तोडली, तेव्हा शेजारच्या मौना केआ पर्वतावरून नोंदी घ्याव्या लागल्या. ओसीओ-३ ला नोव्हेंबर २०२३ पासून काही महिने अवकाश स्थानकावरील आपली जागा दुसऱ्या उपकरणासाठी सोडावी लागली. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने २०२६ च्या अर्थसंकल्पासाठी मांडलेल्या प्रस्तावात तर ओसीओ-२ आणि ओसीओ-३ या दोन्ही मोहिमा बंद करण्याचे सुचवले. मोहिमा गुंडाळण्याच्या योजना तयार ठेवण्यास नासातील कर्मचाऱ्यांना सांगण्यात आल्याचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघड झाले. दोन्ही मोहिमा चालवण्याचा खर्च वर्षाला सुमारे दीड कोटी डॉलर. केवळ दोन वर्षांसाठी आखलेला ओसीओ-२ तोवर अकरा वर्षे अखंड काम करत होता आणि त्याच्या सर्व नोंदी कोणालाही विनामूल्य उपलब्ध होत्या. पुण्या-अहमदाबादच्या संशोधकांनाही, आणि ज्यांच्या धुराड्यांवरून तो रोज जात होता त्यांनाही.